पडद्यावर चौऱ्याऐंशी, वहीत ऐंशी

दत्ताकाकांचा विषय निघाला की आमच्या कंपनीच्या बसमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतात, शेवटी माणूस उभा राहिला हो! दुसरे म्हणतात, कसला उभा राहिला, पोरीला नऊ दिवस टांगून ठेवली तेव्हा कुठं होता? मला दोघांचाही कंटाळा येतो. मी अनिता, लॅबमध्ये एकवीस वर्षं काम करते. ज्या बॅचवरून हे सगळं रामायण झालं ती नापास केल्याची सही माझी, आणि शेवटच्या दिवशी पाणी उकळत ठेवणारीही मीच. तेव्हा जे झालं ते सांगते. बाजू घ्यायची हौस मला नाही.

दत्तात्रेय हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. वडखळच्या पलीकडे खाडीला लागून त्यांचं गाव. वडील रघू मिठागरावर होते. मीठ कधी ओढायचं ते रघूबाबा वाफ्यातल्या पाण्याचा रंग बघून सांगायचे, आणि मुकादमसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय माणसं कामाला लावायचा नाही. हे मी शंभरदा तरी ऐकलंय. मी पेणला बसमध्ये चढते, काका वडखळ नाक्यावर. "माज्या बापाला इचारल्याबिगर मीठ हलायचा नाय," असं त्यांनी सुरू केलं की समजायचं, आता नागोठण्यापर्यंत सुटका नाही.

कंपनी रोह्याबाहेर एमआयडीसीत. नाव कशाला हवंय? लहानशीच आहे, रंगाच्या कारखान्यांना लागणारी एक पिवळी पावडर बनवते. काका दहावी होऊन ड्रम ढकलायला लागले होते. पुढे व्हॉल्व्ह फिरवायला लागले, मग ऑपरेटर झाले. २००७ साली कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर आला, विंडोज एक्सपीवाला. डिप्लोमा झालेली पोरं त्याच्यासमोर चाचपडत होती तेव्हा हा मिठागरवाल्याचा मुलगा महिन्याभरात सगळं शिकला. कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं, कुठला अलार्म उगाच बोंबलतो, सगळं तोंडपाठ. तेव्हाच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. काकांच्या आयुष्यातला तो मोठा दिवस, असं मी समजते. त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा ते इतके फुलले नव्हते.

आता ती चार डिग्रीची गोष्ट. ही आधी कळली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमचा माल रिअॅक्टरमध्ये ऐंशी डिग्रीवर अडीच तास शिजतो. कमी पडलं तर कच्चा राहतो, जास्त झालं तर काळपट पडतो, मग फेकायचा. आतलं तापमान एक सळई मोजते, तिला प्रोब म्हणतात, आणि आकडा कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतो. सोळा वर्षांपूर्वी जुना प्रोब तुटला आणि दुसऱ्या बनावटीचा बसवला. त्या दिवसापासून पडद्यावरचा आकडा चार डिग्रीने जास्त दिसायला लागला. पडद्यावर ऐंशी असताना आत असायचं शहात्तर. लागोपाठ दोन बॅच कच्च्या निघाल्या. तिसऱ्या वेळी काकांनी कोणालाही न विचारता पडद्यावर चौऱ्याऐंशी होईपर्यंत वाफ सोडली, आणि माझ्याकडे पिवळंधमक सॅम्पल आलं. मी पास केलं. विचारलं नाही काही. पास झालेल्या मालाला कोण विचारतंय?

तेव्हापासून तीच रीत. पडद्यावर चौऱ्याऐंशी ठेवायचं आणि दर तासाला लॉगबुकात ऐंशी लिहायचं. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, कारण आत खरंच ऐंशी असायचं. जुना कॉम्प्युटर आठ तासांपलीकडचं काही साठवायचा नाही, त्यामुळे पडद्यावर काय होतं ते दुसऱ्या दिवशी कोणाला दिसायचं नाही. नवीन ऑपरेटर आला की काका त्याला बाजूला घ्यायचे आणि हळूच सांगायचे, "चार वजा." जितेशला असंच सांगितलं, प्रणितला असंच. मॅनेजर चार बदलून गेले, एकालाही पत्ता नाही. मलाही नव्हता. खोटं कशाला बोलू, सहा ऑपरेटर आणि एक म्हातारा मिळून आम्हा सगळ्यांना सोळा वर्षं शेंडी लावत होते.

गेल्या वर्षी हेड ऑफिसचं पत्र आलं. जुन्या सिस्टीमला आता कसलीच दुरुस्ती मिळत नाही, ती नेटवर्कवर ठेवणं धोक्याचं, आणि बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक बॅचची साठवलेली नोंद हवी. दोन वाटा होत्या. जुना कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडून, सुटे भाग शोधत शोधत चालेल तेवढा चालवायचा, किंवा विंडोज अकराचा नवा बसवायचा. आमचे मॅनेजर हर्षद साहेब, वय चौतीस, माणूस सरळ. त्यांनी ठरवलं की महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, एक बॅच याच्यावर, एक त्याच्यावर, आणि शेवटी सगळ्यात जुन्या ऑपरेटरचं मत लेखी घेऊ. "दत्ताकाका, तुम्ही लिहाल तेच मी वर पाठवणार," असं त्यांनी सांगितलं.

झालं! काकांची मान ताठ झाली. खंडेनवमीला नवा कॉम्प्युटर खोक्यातून काढून टेबलावर ठेवलेला होता. झेंडूच्या दोन माळा आणल्या होत्या, काकांनी दोन्ही जुन्याला घातल्या. नव्याच्या खोड्या सांगताना त्यांना दम लागायचा. चालू व्हायला वेळ घेतो. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मागतो. मधेच अपडेट करू का विचारतो. "माल शिजतंय हितं, आन ह्यो मना इचारतंय अपडेट करू काय! जुना कसा, बटन दाबला की कोंबऱ्यासारका उठतंय." मी म्हटलं, अहो काका, कोंबडाही म्हातारा होतो. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नवा बसवणारा निकेश, पुरवठादाराकडून आलेला. काटेकोर पोरगा. त्याने प्रत्येक प्रोब आपल्याजवळच्या खात्रीच्या थर्मामीटरला लावून तपासला, आमचा चार डिग्री जास्त दाखवतो हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि त्याने नव्या कॉम्प्युटरमध्ये तेवढी वजाबाकी घालून टाकली. म्हणजे नव्यावर ऐंशी दिसलं की आत ऐंशीच. हे त्याने रिपोर्टात लिहिलंही, एकतिसाव्या पानावर, इंग्रजीत. हर्षद साहेबांनी रिपोर्टावर सही केली. एकतिसावं पान कोण वाचतं?

आणि भूमिका. पेणजवळच्या जोह्याची मुलगी, घरी गणपतीचा कारखाना, आई रंभा मूर्तींचे डोळे आखते. केमिकलचा डिप्लोमा करून आमच्याकडे लागली, रिअॅक्टरवरची पहिली बाई ऑपरेटर. सहा महिने तात्पुरती, नोव्हेंबर संपला की कायम करण्याचं पत्र. काकांनी तिला जीव लावून शिकवलं, हे मान्य केलंच पाहिजे. बाकीच्यांना ते चार शिव्या घालून शिकवायचे, हिला समजावून. "डोका कसा थंड हाय पोरीचा, बघा," असं कॅन्टीनमध्ये सांगत फिरायचे.

नव्या कॉम्प्युटरला काकांनी हात लावायला नकार दिला. पहिल्या दोन बॅच निकेशने स्वतः चालवल्या, उत्तम निघाल्या. तिसरी भूमिकाला दिली, कारण तिची बोटं कॉम्प्युटरवर चालत होती. सकाळची शिफ्ट होती. काका शेजारच्या खुर्चीत जुन्यासमोर बसले होते. तिने वाफ सुरू केली तेव्हा ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "चार इसरू नको गो." ती विसरली नाही. तिने पडद्यावर चौऱ्याऐंशी ठेवलं आणि लॉगबुकात ऐंशी लिहिलं. अडीच तास.

माझ्याकडे सॅम्पल आलं ते गुळाच्या रंगाचं. मी दोनदा तपासलं. नापास.

नव्या कॉम्प्युटरने सगळं साठवून ठेवलं होतं. पडद्यावर अडीच तास चौऱ्याऐंशी, आणि भूमिकाच्या अक्षरात वहीत ऐंशी. हर्षद साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहराच बदलला. बॅच जळणं ही चूक, ती कोणाच्याही हातून होते. पण खोटी नोंद? त्याला माफी नाही, तात्पुरत्या माणसाला तर नाहीच. तिला लेखी खुलासा मागितला आणि पुढचा निर्णय होईपर्यंत रिअॅक्टरवरून काढून पॅकिंगला बसवलं. सगळ्या बॅच परत जुन्यावर सुरू झाल्या.

आता खरं सांगायला तिथे पाच-सहा तोंडं होती. एकही उघडलं नाही. जितेश आणि प्रणितने उलट तिला कॅन्टीनमागे गाठून सांगितलं, "तू चारचं बोललीस तर आमी सगले खोट्या नोंदीत अडकू. घरदार हाय आमाला." जसं हिला घर नव्हतंच! हे मला मागाहून कळलं, तेव्हा मी जितेशला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर झापला.

आणि काका? काकांनी दुसऱ्या दिवशी आपलं लेखी मत देऊन टाकलं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: नवीन कॉम्प्युटर तापमान चुकीचे दाखवतो. मुलीची चूक नाही. जुना ठेवावा. संध्याकाळी बसमध्ये मला म्हणाले, "पोरगी बी वाचते, आन जुना बी वाचतंय." मला चारचं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं केलंत काका. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

कारण त्या कागदाने झालं काय, तर निकेश पेटला. त्याच्या कामावर ठपका होता, तो गप्प बसतोय होय? त्याने हेड ऑफिसला फोन केले, साहेबांना फोन केले, म्हणाला सगळ्यांसमोर तपासणी करा, कॉम्प्युटर चुकत असेल तर मी उचलून नेतो. साहेबांनी तारीख दिली ती आठवड्यानंतरची. तेवढे दिवस भूमिका पॅकिंगला पिशव्या शिवत होती. काका रोज तिच्यासमोरून जायचे. दोघं बोलत नव्हते. काकांनी बसमध्ये बापाच्या मिठाच्या गोष्टीही बंद केल्या, खिडकीतून नुसतं बाहेर बघायचे. मला वाटलं तब्येत बरी नसेल.

तपासणी लॅबमध्ये झाली. लॅब आणि कंट्रोल रूम यांच्यामध्ये फक्त काच आहे, पलीकडचे पडदे इथून दिसतात. निकेशने प्रोब रिअॅक्टरमधून काढून, लांब वायर जोडून माझ्या टेबलापर्यंत आणला. मी हॉटप्लेटवर काचेच्या भांड्यात पाणी उकळत ठेवलं. उकळतं पाणी म्हणजे शंभर डिग्री, त्यात वाद नाही. हर्षद साहेब होते, जितेश, प्रणित होते, काका होते, भूमिकालाही पॅकिंगमधून बोलावलं होतं. ती हात पाठीमागे बांधून दाराशी उभी राहिली.

निकेशने नव्या कॉम्प्युटरला वायर जोडली आणि प्रोब पाण्यात सोडला. आकडा चढत गेला आणि शंभरावर थांबला. निकेशने नुसतं सगळ्यांकडे बघितलं.

"म्हणजे कॉम्प्युटर बरोबर आहे," हर्षद साहेब म्हणाले. मग त्यांनी टेबलावरून एक कागद उचलला. भूमिकाचा खुलासा होता. त्यात एकच ओळ होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली: माझ्या हातून चूक झाली, त्यात दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. "भूमिका, समोर चौऱ्याऐंशी दिसत असताना तू ऐंशी का लिहिलंस? आज शेवटचं विचारतोय. उत्तर नसेल तर माझा नाइलाज आहे."

तिने मान खाली घातली. मी काकांकडे बघितलं. खुलाशातली ती ओळ त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. पोरीने आपलं नाव घेतलं असेल, किंवा आज घेईल, असंच ते इतके दिवस धरून चालले होते.

"सायेब," काका म्हणाले, "आता जुना लावा."

"जुन्याचा काय संबंध?" निकेश म्हणाला.

"लाव रे बाबा. वायर काढ आन जुन्याला लाव."

साहेबांनी मान हलवली. निकेशने वायर बदलली. तेच पाणी, तोच प्रोब. जुन्या पडद्यावर आकडा शंभरावर आला, थांबला नाही, आणि एकशे चारवर जाऊन बसला. प्रणितने डोळे मिटून घेतले.

"सोला वर्सं झाली," काका म्हणाले. "ह्यो चार जास्त दावतंय. आमी वरती चौऱ्याऐंशी धरतो आन वहीत ऐंशी लिवतो. मीच सुरू केला, मीच सगल्यांना शिकवला. पोरीला बी मीच शिकवला, आन त्या दिवशी सकाली परत सांगितला, चार इसरू नको. तिनं माजा ऐकला. नवा खरा बोलतंय हे मना ठाव नवता, पन माल काला निगाला तवाच कलला. नवा चुकीचा हाय असा मी लिवून दिला तो खोटा हाय."

हर्षद साहेबांना राग आवरेना. "सोळा वर्षं, काका? एक प्रोब बदलायचा होता! अर्ध्या तासाचं काम. कोणाला एका शब्दाने सांगितलं नाहीत? का?"

मला वाटलं, काका म्हणतील कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. काका जुन्या पडद्याकडे बघत म्हणाले, "सांगितला असता तं दुसऱ्या दिवशी प्रोब बदलला असता. मंग कोनी बी येऊन चालवला असता सायेब. दत्ताला कोन इचारनार व्हता?"

मी हॉटप्लेट बंद केली. खरं सांगते, त्या क्षणी मला या माणसाची कीव आली, आणि त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली.

पुढचं सरळ झालं. हर्षद साहेबांनी वरती कळवताना एकतिसावं पान आपणही वाचलं नव्हतं असं स्वतःहून लिहिलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. जितेश, प्रणित आणि बाकीच्यांना ताकीद मिळाली. काकांना कंट्रोल रूममधून काढून स्टोअरला दिलं. निवृत्तीला सात महिने उरले होते, तेवढे तिथेच काढा म्हणाले. त्यांच्याकडून मत पुन्हा लिहून घेतलं. या वेळी दोनच शब्द होते: नवीन ठेवावा. प्रोब बदलायला निकेशला वीस मिनिटं लागली. आणि भूमिकाचं कायमचं पत्र दोन आठवडे उशिरा का होईना, आलं.

पत्र आलं त्या संध्याकाळी ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. नागोठणं गेल्यावर काका पुढच्या बाकावरून उठले, दांड्याला धरत आमच्याजवळ आले आणि उभेच राहिले. मी सरकून जागा केली, बसले नाहीत.

"पत्र मिलला ना गो?"

"व्हय काका."

"मी लवकर बोलाया पायजे व्हतो."

भूमिका समोरच्या सीटकडे बघत बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं.

"मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशीच याल," ती म्हणाली. "साहेबांच्या केबिनचं दार पॅकिंगमधनं दिसतं. मी नऊ दिवस पिशव्या शिवता शिवता तिकडंच बघत होते. तुमचं नाव मी घेतलं नाय, कारण तुम्ही स्वतःच येऊन सांगाल, असं मी आईला सांगून बसले होते. ती रोज रात्री विचारायची, आलं का गो तुझं काका?"

वडखळ यायला अजून वीस मिनिटं होती. तेवढा वेळ काका दारापाशी जाऊन उभे राहिले.